मुलाने जपायला दिलेले बारा शब्द

पत्राचा सारांश

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ताई सहकारी बँकेत नोकरी करून निवृत्त झाल्या. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता, यंदा नोकरीसाठी जर्मनीला गेला. अजून लग्न व्हायचं आहे. निघताना त्याने आईच्या हातात एक पाकीट दिलं. आत एक कागद, त्यावर त्याच्या अक्षरात बारा इंग्रजी शब्द, आणि पेनड्राइव्हसारखं एक छोटं यंत्र. "यात माझे क्रिप्टोचे पैसे आहेत. तुझ्याइतकं जपून कोणी ठेवणार नाही. कोणाला दाखवू नकोस," एवढं सांगून तो गेला.

ताईंनी पाकीट गोदरेजच्या कपाटात ठेवलं. पण त्या कपाटामागच्या भिंतीला ओल येते, आणि मागे एकदा वाळवीने घराची जुनी कागदपत्रं खाल्ली होती. म्हणून त्यांनी त्या कागदाचा दुकानातून झेरॉक्स काढून आणला, मूळ कागद लॅमिनेट करून घेतला, झेरॉक्स यजमानांच्या विम्याच्या फायलीत ठेवला आणि वर मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवला. मग एक दिवस पेपरात वाचलं की हे शब्द ज्याला दिसतील त्याला पैसे काढता येतात. तेव्हापासून झोप उडाली आहे. मुलाला अजून सांगितलेलं नाही. गावातच सासर असलेली मुलगी विचारते, "दादाने माझ्याकडे का नाही दिलं?" यजमान म्हणतात, बँकेच्या लॉकरमध्ये टाक आणि मोकळी हो. ताईंचा प्रश्न असा: लॉकरमध्ये ठेवू, मुलीला विश्वासात घेऊ, की मुलाला 'तुझं तू बघ' म्हणून परत देऊ? आत रक्कम किती आहे हे विचारायचाही धीर होत नाही.

उत्तर

ताई, तुमच्या हातून पैसे गेलेले नाहीत. गेले असते तर मुलाचा फोन एव्हाना आला असता, कारण शिल्लक बघायला त्याला ते यंत्र लागत नाही. पण आज रात्री त्याला फोन करा. हे उत्तर पूर्ण वाचून झाल्यावर केलात तरी चालेल, उद्यावर मात्र ढकलू नका.

तुम्ही पत्रात त्या बारा शब्दांना तीन वेळा 'पासवर्ड' म्हटलं आहे, आणि मला वाटतं सगळी गडबड तिथून सुरू होते. पासवर्ड विसरला तर बँकेत जाता येतं. सही जुळली नाही तर नवी सही नोंदवता येते, पासबुक हरवलं तर दुसरं मिळतं. खातं कोणाचं हे सांगणारा माणूस खिडकीपलीकडे बसलेला असतो. अनेक वर्षं तो माणूस तुम्हीच होतात. क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या फक्त संगणकावर असणाऱ्या नाण्यांच्या, व्यवहारात त्या खिडकीत कोणी नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच खातेवही उतरवलेली असते, आणि त्या वहीला माणसं कळत नाहीत, फक्त किल्ल्या कळतात. तुमच्याकडच्या यंत्रात पैसे नाहीत, किल्ली आहे. आणि ती किल्ली ज्यापासून तयार होते ते हे बारा शब्द. यंत्र फुटलं, हरवलं, विहिरीत पडलं तरी दुसरं यंत्र आणून त्यात हे शब्द त्याच क्रमाने घातले की सगळं परत दिसतं. पण दुसऱ्या कोणी घातले तर त्यालाही दिसतं. त्याला तुमचं यंत्र लागत नाही, पिन लागत नाही, आधार लागत नाही. मुलगा याला सीड फ्रेज किंवा रिकव्हरी फ्रेज म्हणत असेल.

हे शब्द त्याने मनाने निवडलेले नाहीत. २०१३ साली ठरलेल्या एका पद्धतीनुसार २,०४८ साध्या शब्दांची एक ठरलेली यादी आहे. यंत्र त्यातून बारा किंवा चोवीस शब्द उचलतं. यादी सगळ्यांना माहीत असली तरी अंदाजाने बारा शब्द त्याच क्रमाने लावणं कोणत्याही संगणकाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून चोर अंदाज करत बसत नाहीत. ते कागद, फोटो आणि भोळी माणसं शोधतात.

आता झेरॉक्स. दुकानदाराने काही केलं असेल असं मला वाटत नाही. दिवसभर सातबारे, मार्कलिस्टा आणि आधार कार्डं हाताखालून जाणाऱ्या माणसाला बारा इंग्रजी शब्दांचं काय पडलंय? पण मोठ्या झेरॉक्स यंत्रांपैकी अनेकांत हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या पानाची प्रतिमा तीत राहू शकते. फोनमधला फोटो तर जास्त काळजीचा. अनेक फोनमध्ये फोटो आपोआप गुगलवर चढतात. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाचा प्रकार उघड केला. साधी दिसणारी काही ॲप गॅलरीतले फोटो वाचून त्यात असेच शब्द आहेत का हे शोधत होती, आणि ती गुगल व ॲपल या दोघांच्याही अधिकृत दुकानांत सापडली होती.

म्हणून फोटो खोडा, कचरापेटीतूनही खोडा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. एकदा बाहेर पडलेले शब्द परत आत घेता येत नाहीत, आणि इथे पिन बदलून काही होत नाही. उपाय एकच आणि सोपा आहे: मुलाने नवे शब्द तयार करायचे आणि जुन्या किल्लीखालचे सगळे पैसे नव्या किल्लीखाली न्यायचे. मग तो कागद, तो झेरॉक्स, तो फोटो, सगळी रद्दी. आणि एक विनंती, त्या दुकानात जाऊन 'ती प्रत तुमच्या मशीनमध्ये राहिली का हो' असं विचारू नका. न विचारलेलं त्याच्या लक्षातही येणार नाही.

मुलगा जर्मनीत आणि यंत्र सोलापुरात, मग हे व्हायचं कसं? त्याने तिथे नवं यंत्र घ्यावं, शक्यतो थेट बनवणाऱ्या कंपनीकडून. खोक्यातून शब्द आधीच छापून आलेले असतील तर ते यंत्र फसवणुकीचं समजावं. शब्द नेहमी आपल्या डोळ्यांसमोर नव्याने तयार व्हायला हवेत. नव्या यंत्रावर पैसे यायच्या आधी त्याने ते एकदा मुद्दाम पुसावं आणि लिहून घेतलेल्या शब्दांवरून पुन्हा उभं करावं. ही तालीम बहुतेक लोक करत नाहीत. मग तीन वर्षांनी कळतं की सातवा शब्द चुकीचा उतरवला होता. शिल्लक शून्य असताना चूक सापडली तर ती फुकटात सुधारते.

पुढचा भाग तुम्हाला घरून करायचा आहे, व्हिडिओ कॉलवर, आणि मुलीला शेजारी बसवून. जुनं यंत्र लॅपटॉपला जोडायचं, मुलगा सांगेल तो पिन घालायचा, आणि त्याने पाठवलेल्या नव्या पत्त्यावर आधी अगदी थोडी रक्कम पाठवायची. हा पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखाच, कोणी पाहिला तरी त्यातून पैसे काढता येत नाहीत. मात्र तो लॅपटॉपच्या पडद्यावर नव्हे, यंत्राच्या छोट्या पडद्यावर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. थोडी रक्कम पोचली की बाकीची पाठवा. वेगवेगळी नाणी असतील तर प्रत्येक वेगळं पाठवावं लागेल आणि प्रत्येकाचं थोडं शुल्क लागेल. पाठवताना कुठेही बारा शब्द लागत नाहीत. पडद्यावर कोणी ते मागितले तर तिथेच थांबा. आणि कॅमेरा चुकूनही त्या कागदाकडे वळवू नका.

हे झालं तातडीचं. आता तुम्ही जे विचारलं आहे त्याकडे येते.

तुमच्या तिन्ही पर्यायांच्या मुळाशी एक समजूत आहे: जपणं म्हणजे लपवणं. जितकं खोल लपवू तितकं सुरक्षित. या विषयात भीती दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. एक, दुसऱ्याच्या हाती लागेल. दुसरी, आपल्याच हाती लागणार नाही. पहिलीसाठी प्रती कमी हव्यात, दुसरीसाठी जास्त. तुम्ही वाळवीला घाबरून प्रती वाढवल्या, मुलाने चोराला घाबरून एकच कागद ठेवला. दोघांनी एकाच भीतीचा विचार केला.

दुसरी भीती किती खरी आहे ते बघा. ब्रिटनमधल्या वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरातल्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ मध्ये चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं नगरपालिकेच्या मागे लागला, कोर्टात गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. अमेरिकेत राहणाऱ्या स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरचे ७,००२ बिटकॉइन एका कुलूपबंद ड्राइव्हमध्ये अडकले. पासवर्डचा कागद हरवला, दहा वेळा चुकलं की ड्राइव्ह कायमचा बंद, आणि २०२१ च्या सुरुवातीला त्याची गोष्ट जगाला कळली तेव्हा आठ प्रयत्न संपले होते. या दोन्ही गोष्टींत चोर कुठेच नाही.

मग मुलाने पैसे एक्स्चेंजवरच, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडेच, ठेवायचे होते, असं यजमान म्हणतील. त्यात तथ्य नाही असं नाही. तिथे केवायसी असतं, विसरलेला पासवर्ड परत मिळतो. पण १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सायबर हल्ला होऊन २३ कोटी डॉलरच्या आसपासची नाणी गेली आणि ग्राहकांना आपले पैसे काढायला वर्षाहून अधिक थांबावं लागलं. ते बघून ज्या पोरांनी किल्ल्या स्वतःकडे आणल्या, त्यांतला तुमचा मुलगा असावा. त्याचा निर्णय चुकीचा नव्हता. अर्धवट मात्र होता.

ताई, ही गोष्ट तुम्हाला कोणीही शिकवायची गरज नाही, कारण तुमच्या बँकेत ती रोज होत होती. स्ट्राँगरूम एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे, दोघे हजर असल्याशिवाय दार हलत नाही. डुप्लिकेट किल्ल्यांचा संच सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवलेला. किल्ली घेतली-दिली की रजिस्टरवर सह्या. हे सगळं अविश्वासापोटी नसतं. एक अधिकारी आजारी पडला, एकाच्या घरी चोरी झाली, तरी बँक दुसऱ्या दिवशी उघडली पाहिजे म्हणून असतं. तुमच्या मुलाने एवढ्या वर्षांच्या अनुभवी अधिकाऱ्याच्या हाती किल्ली ठेवली आणि त्या अनुभवाचा काही उपयोगच करून घेतला नाही. रजिस्टर नाही, दुसरी किल्ली नाही, डुप्लिकेट कुठे आहे ते सांगितलेलं नाही.

तीच पद्धत घरात आणता येते. बारा शब्दांच्या जोडीला आणखी एक परवलीचा शब्द किंवा वाक्य ठेवायची सोय बहुतेक हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे तुमच्याकडे आहे तशा किल्ली ठेवणाऱ्या यंत्रांत, असते. त्याला पासफ्रेज म्हणतात. तो लावला की नुसत्या बारा शब्दांनी ते वॉलेट उघडत नाही. नव्या वॉलेटला मुलाने असा पासफ्रेज लावावा. बारा शब्दांची एक प्रत त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. पासफ्रेज एक त्याच्याकडे, एक तुमच्या मुलीकडे. सोलापुरात तुम्ही आणि मुलगी एकत्र बसल्याशिवाय काही उघडणार नाही, आणि तुमच्या दोघींपैकी एकीच्या घरी चोरी झाली तर चोराच्या हाती काहीच लागणार नाही. मुलगा तिकडे सुखरूप असेपर्यंत तुम्हाला बसायची वेळही येणार नाही.

याला एक धार आहे, ती सांगितलीच पाहिजे. पासफ्रेज चुकला तर यंत्र 'चुकलं' म्हणत नाही. मुकाट्याने दुसरंच रिकामं वॉलेट उघडून दाखवतं. एका मोकळ्या जागेचा, एका मोठ्या अक्षराचा फरक पडला तरी. त्यामुळे तो डोक्यात नाही, कागदावर हवा, आणि लिहिताना कुठलं अक्षर मोठं, कुठे जागा सोडली आहे हे स्पष्ट दिसायला हवं. लहान, सोपा शब्दही चालणार नाही. आडनाव आणि जन्मसाल तर नकोच.

काही जण याऐवजी कागदच कापून सहा शब्द एकाकडे, सहा दुसऱ्याकडे देतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आहे उलटं. एक तुकडा हरवला की सगळं गेलं, आणि एक तुकडा चोराला मिळाला तर उरलेले सहा शोधणं बारा शोधण्यापेक्षा अनेक पटींनी सोपं होतं. तीनपैकी कोणतेही दोन भाग जुळले की उघडेल अशी शास्त्रशुद्ध वाटणी करणारी यंत्रं आहेत. मोठी रक्कम, मोठं कुटुंब किंवा भागीदारीचा धंदा असेल तर तिकडे जरूर बघावं. तुमच्या घराला एवढा पसारा नको. जी व्यवस्था पाच वर्षांनी एखाद्या वाईट दिवशी कोणाला कळणार नाही, ती व्यवस्था नव्हे.

लॉकरबद्दल यजमानांचं बरोबर आहे, फक्त 'टाक आणि मोकळी हो' हा भाग सोडून. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची भरपाई लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. तुम्ही तो काउंटरवर लोकांना समजावलाही असेल. तरी घरातल्या कपाटापेक्षा लॉकर बरा. शब्द तिथे, सीलबंद पाकिटात, सीलवर तुमची सही आणि तारीख. लॉकर तुम्हा दोघांच्या नावे आणि नामनिर्देशन मुलीचं ठेवा. पासफ्रेज मात्र त्याच लॉकरमध्ये ठेवू नका, नाहीतर दोन किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्यासारखं होईल.

कागदाचं म्हणाल तर वाळवीची तुमची भीती रास्त आहे. लॅमिनेशन ओल अडवतं, आग नाही. त्यावर लोक पोलादी पट्टी वापरतात. स्टेनलेस स्टील १,४०० अंशांच्या आसपास वितळतं, घराच्या आगीत सहसा तेवढी उष्णता होत नाही. इथे मला तुमचा पुढचा विचार दिसतोय: बाजारात भांड्यांवर नाव घालून देणारा आहेच, त्याच्याकडून पट्टीवर शब्द घालून घेऊ. नको! पुन्हा झेरॉक्सचाच प्रकार होईल. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांच्या पंचचा संच मिळतो. मुलगा सुट्टीत आला की त्याने घरीच हातोडी घेऊन बसावं. इंग्रजी यादीत प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात, त्यामुळे तेवढीच ठोकली तरी पुरतं. क्रमांक मात्र घालायला हवेत. तोवर साध्या जाड कागदावर बॉलपेनने लिहिलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं पुरे. प्रिंटर नको, फोन नको, ईमेल नको, स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेजही नको.

ज्या वाचकांचं वॉलेट वेगळ्या यंत्रात नाही, नुसत्या फोनच्या ॲपमध्ये आहे, त्यांनाही हे सगळं लागू आहे, उलट जास्तच. फोन दुरुस्तीला देताना, विकताना, रीसेट करताना लोकांचे पैसे जातात, कारण ॲप उडवताना शब्द लिहून ठेवले आहेत का हे बघितलेलंच नसतं. रोजच्या वापराएवढंच फोनमध्ये असावं.

आता मुलगी. तुम्ही लिहिलं आहे की 'तिला यातलं काही कळत नाही, आणि ती सासरी आहे.' पहिलं खरं असेल, तर तुम्हालाही कळत नव्हतं. दुसऱ्याचा या विषयाशी संबंध काय? ती चार किलोमीटरवर राहते, दादा चार देश ओलांडून. मला वाटतं तिचा प्रश्न पैशांचा नाहीच. घरातली महत्त्वाची गोष्ट आपल्याला वगळून ठरली, हे तिला लागलं आहे. तिला दुसरी किल्ली द्या. तीही मुलाने स्वतः द्यावी, तुमच्यामार्फत नको.

आणि तिला सामील करून घेण्यामागे एक अप्रिय कारण आहे. मुलाचं काही बरंवाईट झालं तर काय, हा विचार तुम्ही पत्रात अर्ध्या वाक्यात टाळला आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर आई पहिल्या वर्गाची वारस असते, वडील त्या वर्गात येत नाहीत. क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे. म्हणजे हक्क तुमचा. पण त्या खातेवहीत नामनिर्देशनाचा रकाना नाही, आणि कोर्टाचा कागद दाखवून ती किल्ली मिळत नाही. म्हणून मुलाने साधं मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. त्यात 'माझी क्रिप्टो मालमत्ता अमक्याला' एवढंच लिहावं, शब्द अजिबात लिहू नयेत, कारण मृत्युपत्र अनेकांच्या हातून जातं. सोबत एक वेगळं पत्र: कोणत्या कंपनीचं यंत्र, कोणती नाणी, कोणती वस्तू कोणाकडे आहे, आणि अडलं तर कोणत्या मित्राला विचारायचं. मित्राला विचारायचं म्हणजे पद्धत विचारायची. शब्द त्यालाही सांगायचे नाहीत. लग्न झालं की हे पत्र आणि मृत्युपत्र दोन्ही नव्याने करायला हवं.

त्याच पत्राला खरेदीच्या पावत्या जोडलेल्या असाव्यात. एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे आणि त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा करता येते. ती दाखवता आली नाही तर विकणाऱ्याची पंचाईत. एका वॉलेटमधून स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये नेणं ही विक्री नव्हे, पण त्याचीही तारीखवार नोंद असू द्या. बाकी अनिवासी झाल्यावरचं गणित त्याने सीएला विचारावं.

फोन येतील. कंपनीतून बोलतोय, वॉलेटचं केवायसी संपलंय, पोलीस ठाण्यातून बोलतोय. घरपोच कागदही येऊ शकतो. हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची नावं-पत्ते २०२० मध्ये फुटले, त्यानंतर लोकांना टपालाने बनावट पत्रं आणि चक्क बनावट यंत्रंही आली. कोणताही खरा माणूस, कोणत्याही कारणासाठी, ते बारा शब्द मागत नाही. 'गेलेले पैसे परत काढून देतो' म्हणणारे दुसऱ्यांदा लुटतात. काही घडलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पण बँकेतल्या रकमेसारखी ही रक्कम मधेच कोणाला सहज थांबवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

बांधाबांध झाली की दरवर्षी संक्रांतीला, आपल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, एकदा लॉकर उघडा, सील शाबूत आहे का बघा, मुलीला तिचं पाकीट बघायला सांगा, आणि वहीत तारीख टाकून दोघी सह्या करा. पाकीट फोडायचं नाही.

मुलाला सांगायचं कसं, याची तुम्हाला शब्दांपेक्षा जास्त धास्ती आहे हे पत्रावरून कळतं. तो रागावेल. रागावू दे. तुम्ही हलगर्जीपणा केला नाही, तुम्ही फार काळजी घेतलीत, आणि काय टाळायचं हे त्याने सांगितलं नव्हतं. फोनवर सरळ म्हणा: "त्या कागदाचा झेरॉक्स काढला गेला आहे आणि फोनमध्ये फोटो होता. नवे शब्द करून पैसे हलव." मग विचारा, जुन्या वॉलेटला पासफ्रेज आधीच लावलेला आहे का? असेल तर घाई थोडी कमी. शब्दांची दुसरी प्रत त्याच्याकडे आहे का? नसेल तर पैसे हलेपर्यंत तुमच्याकडचा कागद फाडू नका. आणि रक्कम विचारा. पैशापैशाचा हिशेब नको, पण वीस हजार आहेत की वीस लाख, हे राखणदाराला माहीत असायला हवं. वीस हजारांसाठी लॉकर, पोलाद आणि मृत्युपत्र हा सगळा खटाटोप करायची गरज नाही. वीस लाखांसाठी न केलात तर चूक.

आणि हे सगळं ऐकूनही तुम्हाला वाटलं, की या वयात ही जबाबदारी नको, तर नको म्हणा. आईने नाही म्हणू नये असा काही नियम नाही. तो दुसरी प्रत जर्मनीत एखाद्या तिजोरीत ठेवू शकतो, बहिणीकडे ठेवू शकतो, किंवा थोडी जोखीम पत्करून काही रक्कम एक्स्चेंजवर ठेवू शकतो. तसं ठरलं तर कागद कुरियरने पाठवू नका, फोनवर वाचूनही दाखवू नका. पैसे नव्या वॉलेटमध्ये पोचले आहेत हे त्याने व्हिडिओवर दाखवलं, की लॅमिनेशन, झेरॉक्स सगळं बारीक कातरून टाका आणि जुनं यंत्र तो आला की त्याच्या हातात द्या. कागद जाळायचा असेल तर आधी वरचं प्लास्टिक सोलून काढा, त्याचा धूर घरात फार वाईट सुटतो.